फिलिपिन्सच्या एका प्रांतातले डिप्लोमॅट कसे शोधायचे आणि त्यांच्यावर मराठीत कसं लिहायचं (पांगासिनानचं उदाहरण घेऊन)

आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांची संघटना, हे नाव सतत बातम्यांत असतं, यूपीएससी-एमपीएससीवाले त्याची स्थापनेची तारीख पाठ करतात, पण त्या स्थापनेच्या कागदावर सही करणारी पाच माणसं कोण होती, कुठल्या गावची होती, हे मराठीत शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. म्हणून ही पद्धत लिहितोय. विकिपीडियावर लेख करायचा असेल, कॉलेजात प्रेझेंटेशन असेल, एमयूएनमध्ये (विद्यार्थ्यांच्या नकली संयुक्त राष्ट्र सभेत) फिलिपिन्स वाट्याला आला असेल, कशालाही चालेल. पूर्ण देश घेऊ नका, एक प्रांत घ्या, कारण देश घेतला की नावांची नुसती यादी होते, आणि प्रांत घेतला की घराणी, गावं, भांडणं, नाती सगळं दिसायला लागतं. मी इथे पांगासिनान घेतोय. लुझोन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा प्रांत, राजधानी लिंगायेन, याच लिंगायेनच्या आखातात ९ जानेवारी १९४५ ला अमेरिकन जनरल मॅकआर्थरचं सैन्य उतरलं होतं.

सगळ्यात आधी प्रांताची हद्द बघून घ्या, हे काम कंटाळवाणं वाटतं पण इथेच निम्म्या याद्या चुकतात. तिकडे प्रांत, मग म्युनिसिपालिटी किंवा सिटी, मग बारांगाय अशी उतरंड आहे, आपल्या जिल्हा-तालुका-गाव सारखीच समजा. पण हद्दी बदलत गेल्यात. आज तार्लाक प्रांतात असलेलं कामिलिंग गाव आधी पांगासिनानमध्ये होतं, १८७० च्या दशकात तार्लाक वेगळा निघाला तेव्हा तिकडे गेलं. उलट बोलिनाव, आलामिनोस हा पश्चिमेचा पट्टा १९०३ मध्ये सांबालेसकडून पांगासिनानला जोडला गेला. आता याने काय फरक पडतो? तर कार्लोस रोमुलो हे फिलिपिन्सचे सगळ्यात गाजलेले डिप्लोमॅट, १९४५ ला सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सही केलेले, १९४९ ला आमसभेचे अध्यक्ष झालेले पहिले आशियाई, ते कामिलिंगचे. जुना नकाशा समोर ठेवला तर त्यांना पांगासिनानमध्ये ओढायचा मोह होतो. ओढू नका. त्यांच्या जन्माच्या आधीच गाव तार्लाकमध्ये गेलेलं होतं, त्यामुळे ते तार्लाकचे, विषय संपला.

मग एक शीट उघडा, गूगल शीट असो की वही. कॉलम असे करा: जन्म कुठे, वाढले कुठे, घराण्याचं मूळ गाव, निवडून आले असतील तर कुठून, आणि शेवटी सगळ्यात रुंद कॉलम, प्रत्यक्ष काम काय केलं, कुठल्या कागदावर सही केली, कुठला मसुदा लिहिला. पदांचा कॉलम अरुंद ठेवला तरी चालेल. राजदूत अमुक देशात, मग तमुक देशात, मग सचिव, ही माहिती सगळीकडे मिळते आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात काहीच राहत नाही, कामाचा कॉलम भरला की लेखाला जीव येतो.

पहिलं नाव येईल नार्सिसो रामोस. जन्म १९००, गाव आसिंगान, पांगासिनानच्या पूर्व भागात. आधी पत्रकार, वकील, मग पांगासिनानमधूनच निवडून येऊन बरीच वर्षं लोकप्रतिनिधी. १९४६ ला देश स्वतंत्र झाला आणि परराष्ट्र खातं नव्याने उभं राहिलं तेव्हा हे देशाच्या पहिल्या काही डिप्लोमॅट्सपैकी एक झाले. तैवानमध्ये राजदूत होते आणि १९६५ च्या शेवटी मार्कोस राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा परराष्ट्र सचिव झाले. तिकडे सचिव म्हणजे मंत्रीच हं, आपल्यासारखा आयएफएस अधिकारी नाही, मराठीत लिहिताना हे एका वाक्यात सांगून टाका नाहीतर वाचणारा गोंधळतो.

आता त्यांच्या कामाच्या कॉलममध्ये काय लिहाल? '८ ऑगस्ट १९६७, बँकॉक घोषणापत्रावर सही, आसियानची स्थापना' एवढं लिहून थांबू नका. त्या सहीच्या आधी काय चाललं होतं ते बघा. बोर्निओ बेटावरच्या, मलेशियात गेलेल्या साबाहवर फिलिपिन्स हक्क सांगत होता, त्यावरून १९६३ ला मलेशियाशी संबंध तुटले होते, ते १९६६ मध्ये, म्हणजे रामोस सचिव असताना, परत जुळले. इंडोनेशिया-मलेशियाचा संघर्षही नुकताच थंडावलेला. अशा पाच शेजाऱ्यांना एका टेबलावर बसवायचं होतं. थायलंडचे थानात खोमान यांनी सगळ्यांना बँकॉकपासून लांब, बांग साएन नावाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावात नेलं, सकाळी गोल्फ, रात्री जेवण, आणि मधल्या वेळात वाटाघाटी, सूट-टाय नाही, म्हणून त्याला स्पोर्ट्स शर्ट डिप्लोमसी असं नाव पडलं. इंडोनेशियाचे आदम मलिक, मलेशियाचे तुन अब्दुल रझाक, सिंगापूरचे राजरत्नम, थानात खोमान आणि आपले ६६ वर्षांचे नार्सिसो रामोस. आणि त्याच दिवसांत त्यांचा एकुलता एक मुलगा, फिदेल, व्हिएतनाममध्ये फिलिपिन्सच्या सैन्याच्या सिव्हिक अॅक्शन तुकडीबरोबर होता. बाप शांततेच्या कागदावर सही करतोय आणि मुलगा शेजारच्या युद्धात, हे एक वाक्य लेखात आलं तर आसियान का लागलं हे वेगळं समजावून सांगावंच लागत नाही.

घोषणापत्र मुळातून वाचा, आसियानच्या साइटवर आहे, दोन-तीन पानांचा मामला आहे. प्रस्तावनेत एक वाक्य सापडेल की या देशांतले सगळे परकीय लष्करी तळ तात्पुरते आहेत आणि त्या-त्या देशाच्या संमतीनेच राहतील. हे वाक्य बाजूला काढून ठेवा, पुढे लागणार आहे.

नाव तपासायची एक सोपी युक्ती इथेच सांगतो. फिलिपिनो पुरुषाच्या किंवा लग्न न झालेल्या बाईच्या नावात मधलं अक्षर बापाचं किंवा नवऱ्याचं नसतं, आईच्या माहेरच्या आडनावाचं असतं. फिदेल व्ही. रामोस मधला व्ही. म्हणजे वाल्देझ, आई आंजेला वाल्देझ, इलोकोस नोर्ते प्रांतातल्या बाताकची, आणि ते घराणं मार्कोसच्या नात्यातलं. आपल्या सवयीप्रमाणे मधलं नाव बापाचं समजून पुढे गेलात की नाती उलटीपालटी होतात, आणि फिलिपिन्सच्या राजकारणात नाती चुकली म्हणजे सगळंच चुकलं. रामोस नावाची माणसंही ढीगभर आहेत, त्यामुळे मधलं अक्षर जुळल्याशिवाय दोन माणसं एक करू नका.

दुसरं नाव, आणि माझ्या मते या प्रांताचं सगळ्यात महत्त्वाचं नाव, लेतिसिया रामोस शहाणी. नार्सिसोंची मुलगी, जन्म १९२९, लिंगायेन. शहाणी आडनाव बघून आपल्याकडचे लोक लगेच ही भारतीय बाई असणार म्हणतात, तर तसं नाही, त्यांचे पती रणजी शहाणी हे भारतीय लेखक होते, त्या स्वतः पांगासिनानच्याच. शिक्षण वेलस्ली, कोलंबिया आणि पॅरिसला सॉरबॉनमध्ये डॉक्टरेट, विषय साहित्य. मग संयुक्त राष्ट्रांत काम, परत येऊन मनिलातल्या लायसियम या शिक्षणसंस्थेत ग्रॅज्युएट स्कूलच्या डीन, मग रोमानियात राजदूत, कम्युनिस्ट देशात गेलेल्या पहिल्या फिलिपिनो राजदूत त्या, नंतर ऑस्ट्रेलियातही. १९८५ ला नैरोबीत महिलांची तिसरी जागतिक परिषद झाली तिच्या सरचिटणीस याच होत्या.

पण इथेही पदं बाजूला ठेवा आणि कामावर या. संयुक्त राष्ट्रांच्या महिला आयोगात १९७४ ला ठरलं की स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवायला एक बंधनकारक करार हवा, नुसती घोषणा नको. त्याच्या सुरुवातीच्या मसुद्यात फिलिपिन्सचा मोठा हात होता आणि तो मसुदा लिहिणारा हात लेतिसियांचा. तोच पुढे सीडॉ झाला, १८ डिसेंबर १९७९ ला आमसभेने स्वीकारला, १९८१ ला लागू झाला. भारताने १९९३ मध्ये त्याला मान्यता दिली. आणि आता नीट वाचा, १९९७ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने विशाखा प्रकरणात निकाल दिला तेव्हा देशात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध वेगळा कायदाच नव्हता, कोर्टाने याच कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले, त्यातून पुढे २०१३ चा कायदा आला. आज पुण्यातल्या आयटी कंपनीत किंवा नाशिकच्या बँकेत नोटीस बोर्डवर पॉश कमिटीच्या मेंबरांची नावं लावलेली असतात ना, त्या कागदाचा धागा मागे ओढत गेलात तर लिंगायेनला जन्मलेल्या या बाईपर्यंत पोचतो. मराठीत यांच्यावर लेख असलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि लिहाल तेव्हा हा धागा सगळ्यात वर घ्या, जन्मतारीख वगैरे खाली गेली तरी काही बिघडत नाही.

असे धागे ओढताना मधली प्रत्येक गाठ वेगळी तपासा. करार कधी स्वीकारला, लागू कधी झाला, एखाद्या देशाने सही कधी केली आणि मान्यता कधी दिली, या चार वेगळ्या तारखा असतात. सीडॉवर भारताची सही १९८० ची आहे आणि मान्यता १९९३ ची, मध्ये तेरा वर्षं गेली. संयुक्त राष्ट्रांच्या ट्रीटी कलेक्शनमध्ये प्रत्येक देशापुढे दोन्ही तारखा असतात, तिथूनच घ्या, बातम्यांतून घेऊ नका.

माणसाची एकच बाजू लिहू नका हेही इथेच सांगतो. लेतिसिया १९८७ पासून सिनेटमध्ये होत्या. १६ सप्टेंबर १९९१ ला सुबिक बेचा अमेरिकन नौदल तळ आणखी दहा वर्षं ठेवायचा करार सिनेटपुढे आला आणि १२ विरुद्ध ११ मतांनी पडला. त्या अकरांत, म्हणजे तळ राहू द्या म्हणणाऱ्यांत, लेतिसिया होत्या. आता ते बाजूला काढलेलं वाक्य आठवा, परकीय तळ तात्पुरते आहेत असं लिहिलेल्या कागदावर वडिलांची सही आहे. यात लगेच विरोधाभास वगैरे लिहायची गरज नाही, त्या घोषणेत संमतीचाही उल्लेख आहेच, पण दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवा, एकाच घरातली दोन मतं चोवीस वर्षांच्या अंतराने, आणि वाचणाऱ्याला ठरवू द्या.

तिसरे फिदेल रामोस, लिंगायेनला जन्म, वाढ आसिंगानला. यांना डिप्लोमॅट म्हणायचं का हा खरा प्रश्न आहे. पेशाने सैनिक, वेस्ट पॉइंटचे, १९८६ ला मार्कोसची साथ सोडली, १९९२ ते १९९८ राष्ट्राध्यक्ष. माझा नियम असा, राष्ट्राध्यक्षाने परदेश दौरे केले म्हणून तो डिप्लोमॅट होत नाही, पण वेगळी नेमणूक होऊन वाटाघाटीला पाठवलं असेल तर यादीत घ्यायचा. जुलै २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्राच्या वादात आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल फिलिपिन्सच्या बाजूने लागला, चीन चिडला, तेव्हा त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी ८८ वर्षांच्या रामोसना चीनसाठी विशेष दूत नेमलं आणि ऑगस्टमध्ये ते हाँगकाँगला जाऊन चीनच्या फू यिंग यांच्याशी बोलून आले. म्हणून ते यादीत, पण 'विशेष दूत' या मथळ्याखाली, बाप आणि बहिणीच्या रांगेत नाही. दागुपानचे होसे दे व्हेनेसिया यांनाही असंच वेगळं ठेवा, ते ओळखले जातात स्पीकर म्हणून, पण १९६० च्या दशकात दक्षिण व्हिएतनाममधल्या सायगावच्या फिलिपिन्स दूतावासात आर्थिक विषय बघत होते, दोन ओळी पुरतात.

स्मारकांच्या नावांवरून गाव ठरवायची चूक टाळा. लिंगायेनला नार्सिसो रामोस स्पोर्ट्स अँड सिव्हिक सेंटर आहे, ते बरोबर जुळतं. पण नार्सिसो रामोस हायवे शोधाल तर तो निघेल दूर दक्षिणेला मिंदानावमध्ये, मागिंदानाव आणि लानाव देल सूरच्या भागात, ज्याचा पांगासिनानशी काही संबंध नाही. रस्त्याला नाव मिळणं हा जन्माचा पुरावा नव्हे. त्यापेक्षा सिनेटच्या साइटवरची चरित्रं, सरकारी ऑफिशियल गॅझेट आणि आसियानच्या इतिहासाचं पान, हे तिन्ही उघडे ठेवा आणि जन्मगाव निदान दोन ठिकाणी जुळलं तरच लिहा.

उच्चार एकदा ठरवून टाका. स्पॅनिश वळणाची नावं आहेत, इंग्रजी बातमीवाले काहीही बोलतात, फिलिपिनो लोकांचे यूट्यूबवरचे व्हिडिओ ऐका. खोसे नाही होसे, लेटिशिया नाही लेतिसिया. एकदा ठरवलं की पूर्ण लेखात तेच ठेवा.

हे सगळं भरून झालं की शेजारचा तार्लाक घ्या, तिथे रोमुलो घराणं आहे, कार्लोस, मुलगा रोबेर्तो आणि पुतण्या आल्बेर्तो, तिघंही परराष्ट्र सचिव झाले. दोन्ही शीट शेजारी ठेवल्यात तर दिसेल की १९६० च्या दशकाच्या शेवटी नार्सिसो रामोस यांची खुर्ची कार्लोस रोमुलोंकडे गेली आणि १९९२ ला फिदेल रामोस यांनी रोबेर्तो रोमुलोंना परराष्ट्र सचिव केलं. त्यानंतर बातांगास घ्या, ताल गावचे फेलिपे आगोनसिल्यो यांच्यासाठी. १८९८ ला स्पेन आणि अमेरिका पॅरिसमध्ये बसून फिलिपिन्सचा सौदा करत होते, दोन कोटी डॉलरला, आणि ज्यांच्या देशाचा सौदा होता त्यांच्या या प्रतिनिधीला आत बसूच दिलं नाही. त्यांच्या पुढे कामाच्या कॉलममध्ये करार सापडणार नाही, कराराविरुद्ध त्यांनी दिलेला निषेध सापडेल, तोच लिहा आणि तारीख बघून घ्या, डिसेंबर १८९८.