रुईवरचा रंगीत नाकतोडा: कसा शोधावा, कसा पाहावा

इंदुरात शनिवारच्या मारुतीसाठी रुईची पानं तोडताना कधी कधी पिवळ्या-निळसर पट्ट्यांचा, बोटाएवढा नाकतोडा समोर येतो. तो दिसला की बरेच जण चप्पल उचलतात. कृपा करून तसं करू नका. इतका सुंदर कीटक घराजवळ पाहायला मिळतो, हे आपलं भाग्य आहे.

याचं शास्त्रीय नाव पोइकिलोसेरस पिक्टस. याच प्रजातीतली बुफोनियस ही जात मध्यपूर्वेत, रुईच्या नात्यातल्याच झाडांवर जगते. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड नावाची विषारी द्रव्यं असतात. हा नाकतोडा तीच पानं खातो आणि ते विष अंगात साठवतो. भडक रंग ही शत्रूंना दिलेली ताकीद आहे.

आधी रुई गाठा. बायपासच्या कडेची पडीक जमीन, वस्तीबाहेरचे रिकामे प्लॉट, कुठेही ती सापडते. इथे आकडा म्हटलं की कुणीही दाखवेल. पावसाळ्यात किंवा तो सरल्यावर, सकाळी लवकर जा. गारव्यात नाकतोडे सुस्त असतात, त्यामुळे निवांत पाहता येतात.

कुरतडलेली पानं दिसली की तिथे थांबा. पिल्लं हिरवट-पिवळी असतात, अंगावर बारीक काळ्या खुणा आणि लालसर ठिपके. प्रौढाचे पुढचे पंख हिरवे, त्यांवर पिवळे ठिपके. मागचे पंख फिकट लाल, पण ते उघडल्यावरच दिसतात.

हात मात्र लावू नका. पिल्लाला चिमटीत धरलं की पोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या खंडामधल्या छिद्रातून ते दुधाळ द्रवाची पिचकारी मारतं, तीही धरणाऱ्याच्या दिशेनं, दोन इंच किंवा त्याहून लांब. प्रौढाचा द्रव पंखांखाली बुडबुड्यांसारखा साचतो.

मला नाकतोड्यापेक्षा रुईच्या चिकाची जास्त काळजी वाटते. मुलं सोबत असतील तर पान तोडू देऊ नका आणि घरी आल्यावर साबणानं हात धुवायला लावा. चीक डोळ्यात गेला तर बऱ्याचदा दुखत नाही, पण दिसायला धूसर होतं. दुखत नाही म्हणून थांबून राहू नका: डोळा भरपूर पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मारुतीच्या माळेची पानं तोडतानाही ही खबरदारी घ्याच.

फोटो काढलात तर तारीख, जागा आणि पिल्लू की प्रौढ, एवढं लिहून ठेवा.

हा नाकतोडा कधी पपईवरही येतो. अंगणात दिसला तर फवारणीच्या मागे लागू नका. त्याला डब्यात ढकला, वर जाड पुठ्ठा सरकवा आणि जवळच्या रुईवर नेऊन सोडा. कोंबड्यांपुढे मात्र टाकू नका. त्याच्या अंगातलं विष त्यांच्या पोटात जाईल.