पावसाळ्यातला ताप: घरी किती थांबायचं, कधी पळायचं

जुलै-ऑगस्टमधे घरात कुणाला ताप आला की वाक्य ठरलेलंच, "व्हायरल असेल, सगळीकडे साथ चालूय." बऱ्याचदा असतोही. नाक गळतंय, घसा खवखवतोय, थोडा खोकला, म्हणजे बहुतेक व्हायरलच, दोनतीन दिवसात उतरतो. पण सर्दी-खोकला काहीच नाही आणि ताप थेट १०२-१०३, तर मग बाकी काय काय होतंय ते नीट बघा.

हुडहुडी भरून ताप, मग दरदरून घाम, मग काही काळ एकदम बरं, हे मलेरियासारखं. पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतायत, डोळे लाल, आणि आठ-दहा दिवसांपूर्वी तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेलं, मग लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस (२००५ च्या पुरानंतर मुंबईत याचीच साथ आली होती). पाण्यातून चाललात हे डॉक्टरला आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. टायफॉइडचा ताप हळूहळू रोज थोडा चढत जातो. अर्थात हे सगळे एकमेकांसारखे दिसतात, रक्त तपासल्याशिवाय नक्की कळत नाही, त्यामुळे घरात उरलेली अँटिबायोटिकची पाकिटं शोधू नका.

आता डेंग्यू. अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग नुसतं मोडून येतं. डेंग्यूसाठी रक्ताची तपासणी पहिल्या ४-५ दिवसात एनएस१ टेस्ट, नंतर आयजीएम टेस्ट. पण लोक फसतात ते पुढे. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, सगळे म्हणतात सुटलो बाबा, आणि काहींना खरा धोका तेव्हाच असतो कारण रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपायला लागतं आणि बीपी पडतं. ताप गेल्यावरचे दोन दिवस पेशंटवर जास्त लक्ष ठेवायचं. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, सहा तासात लघवीच नाही, पेशंट गुंगीत किंवा उगाच अस्वस्थ, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, रात्री दोनला पण निघा. गाडी नसेल तर १०८ लावा.

प्लेटलेट ८० हजार झाल्या की फॅमिली ग्रुपवर पपईच्या पानांचा रस सुरू होतो. डॉक्टर मात्र नुसता तो आकडा धरून बसत नाहीत, बीपी, हेमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते), लघवी किती होतेय हे पण बघतात.

गोळी फक्त पॅरासिटामॉल, मोठ्यांना ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांत सहा तास तरी जाऊ द्या, लिव्हरचा त्रास असेल तर आधी विचारा. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि कॉम्बिफ्लाममधे पण आयब्युप्रोफेन असतं बरं का. हार्टसाठी अॅस्पिरिन चालू असेल तर मनानेच बंद करू नका, डॉक्टरला विचारा. ओआरएस, ताक, पेज, जे पोटात टिकेल ते देत राहा.

बाकी कुणीही असो, ताप तिसऱ्या दिवशी पण आहे तर दाखवाच. तीन महिन्यांच्या आतलं बाळ १००.४ ला गेलं तर एक दिवसही थांबायचं नाही, गरोदर बाई, म्हातारी माणसं, शुगरवाले यांनाही लवकर न्या. जाताना कागदावर ताप कधी किती होता, कुठली गोळी किती वाजता दिली आणि शेवटची लघवी कधी झाली एवढं लिहून न्या.