परदेशात मुलांसह मुक्काम? पहिला आठवडा फिरू नका

ठाण्याहून मुलांना घेऊन दोन-तीन महिने बाहेर राहायला निघालात, तर पहिला आठवडा फिरायला नको, आधी घर लावा. थायलंडमधल्या चिआंग माईला आम्ही पहिल्या चार दिवसांत देवळांमागून देवळं पाहिली आणि धाकटी रोज रात्री रडायची, "आपल्या घरी जाऊ या ना."

मग रोज संध्याकाळी एकाच बाजारात, एकाच फळवाल्या मावशींकडे जाऊ लागलो. पैसे लेकीच्या हातात. तिसऱ्या दिवशी मावशींनी तिला बघताच छोटी केळी काढून ठेवली, आणि पोरगी आपणहून "खोप खुन खा" (थाईत "धन्यवाद") म्हणाली. त्या रात्री ती शांत झोपली.

कुकर जरूर न्या. भाड्याच्या घरात बऱ्याचदा इंडक्शन शेगडी असते आणि त्यावर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. इंडक्शन बुडाचाच घ्या. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून आणलेला गोडा मसालाही कुकरसोबत चेक-इन बॅगेत टाका. वरण-भाताची शिट्टी झाली की मुलांना ते घर आपलं वाटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आजी-आजोबांच्या फोनची वेळ ठरवून टाका. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले की ठाण्यात नौपाड्याला सात, आजीची दिवेलागणीची वेळ. फोन देव्हाऱ्यासमोर टेकवून आजी "शुभं करोति" सुरू करायच्या, आणि चिआंग माईत दोघं मुलं हात जोडून बसायची.