हिरड्यांतून रक्त येतंय? ब्रश थांबवू नका

ब्रश करताना थुंकीत लाली दिसली की बहुतेक जण त्या जागी ब्रश लावायचं सोडतात आणि तुरटीच्या पाण्यानं चुळा भरत बसतात. होतं नेमकं उलटं. निरोगी हिरडीतून ब्रशनं रक्त येत नाही. ते येतंय म्हणजे तिथे जंतूंचा थर बसलाय, आणि सगळ्यात नीट ब्रश तिथेच फिरायला हवा.

आधी तपासा. सकाळी भरपूर उजेडात आरशासमोर ओठ वर करून बघा. चांगली हिरडी घट्ट असते आणि दोन दातांच्या मध्ये टोकदार दिसते. रंग गुलाबी असतो. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांवर जन्मजात काळसर छटा असते, तो आजार नव्हे. लालभडक, फुगलेली, चकाकणारी कड मात्र आजाराची. आता खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं जीभ फिरवा. खरखरीत लागलं तर ते कीटण, म्हणजे दातावर बसून कडक झालेला थर. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात, म्हणून ते बहुधा तिथे आधी साचतं.

दातावरचा मऊ थर रोज निघाला नाही तर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो. मग तो ब्रशनं निघत नाही, मिठाच्या गुळण्यांनीही नाही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. सूज वरवर आहे तोवर असं पूर्ण बरं होता येतं. ती खाली उतरून दाताभोवतीचं हाड झिजवू लागली की तो पायरिया. गेलेलं हाड सहसा परत येत नाही, पण झीज थांबवता येते.

ब्रश मऊ घ्या. केस अर्धे दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर येतील असा तिरका, साधारण ४५ अंशांत धरा. जागच्या जागी हलकेच थरथरवा आणि मग दाताच्या टोकाकडे ओढा. एका वेळी दोन-तीन दातच. पुढच्या दातांच्या आतून ब्रश उभा धरावा लागतो. बहुतेकांची हीच जागा सुटते. पूर्ण तोंडाला दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, फ्लोराइडच्या पेस्टनं. एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची निवडा. दातांच्या फटींत ब्रश पोचत नाही, तिथे दातांसाठीचा दोरा (फ्लॉस) किंवा फटींसाठीचा छोटा ब्रश वापरा. मिसळीतली शेव अडकली म्हणून सेफ्टी पिन घालू नका.

नाशिककरांसाठी लिहिताना मशेरीबद्दल बोलावंच लागतं. पंचवटीच्या भाजीबाजारात काय किंवा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत काय, कामावर निघण्याआधी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड हिरड्यांना चोळणाऱ्या बायका सगळ्यांनी पाहिल्या आहेत. "मशेरीनं माझ्या हिरड्या घट्ट झाल्या, रक्त यायचं थांबलं," असं त्या मनापासून सांगतात. रक्त खरंच थांबतं, कारण निकोटिननं तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. आत हाड झिजत राहतं आणि धोक्याची खूण तेवढी पुसली जाते. सिगारेटनंही हेच होतं, आणि तंबाखूमुळे कर्करोगाचा धोका आहेच. मशेरी सोडल्यावर काही दिवस रक्त जास्त दिसू शकतं. त्याला घाबरून पुन्हा डबीकडे वळू नका. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत हेल्पलाइनवर फोन करा.

मधुमेह असेल तर दुप्पट काळजी घ्या: वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आवरू देत नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ अ‍ॅम्लोडिपिननं, हिरड्या वाढू शकतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, दंतवैद्याला सांगा. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, आणि तेव्हाही दात साफ करून घेता येतात.

कीटण काढायचं काम दंतवैद्याचंच. खाजगी दवाखान्याचा खर्च जड वाटत असेल तर पंचवटीत दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सफाईनं दात हलायला लागतात ही भीती मात्र मनातून काढून टाका. कीटण निघालं आणि सूज उतरली की आधीच पडलेल्या फटी उघड्या दिसतात, काही दिवस थंड पाणी झोंबतं, इतकंच. तपासणीच्या वेळी दात आणि हिरडी यांच्यामधली फट किती खोल आहे ते मोजून लिहून मागा: ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ किंवा त्याहून जास्त असेल तर पुढचे उपचार विचारा. पायरिया झालेल्यांनी सहसा दर तीन-चार महिन्यांनी दाखवावं.

हिरडीतून पू येत असेल, मोठ्या माणसाचा दात हलत असेल किंवा तोंडातला व्रण वा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखवा. गालाला सूज येऊन ताप आला तर त्याच दिवशी.