लालिबेलाला जाताना घड्याळ आणि पायमोजे

इथिओपियातील लालिबेला येथील खडकात कोरलेली अकरा चर्च १९७८ पासून जागतिक वारसा यादीत असली, तरी ती आजही नित्य उपासनेची ठिकाणे आहेत, हे ध्यानात ठेवूनच भेट आखावी. तेथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजण्याची रीत आहे. त्यामुळे वाटाड्याने सकाळी ‘तीन वाजता’ या असे सांगितले, तर त्याचा अर्थ बहुधा आपले नऊ असा होतो, आणि म्हणून वेळ दोन्ही पद्धतींनी विचारून घ्यावी. प्रत्येक दारात पादत्राणे काढावी लागतात. जाड पायमोजे आणि सहज निघणारे बूट असले म्हणजे खडबडीत जमिनीचा त्रास होत नाही. अंधाऱ्या भुयारी वाटांसाठी विजेरी हवीच. क्रूसाकृती बेत गियोर्गिस हे चर्च मात्र आधी वरच्या काठावरून शांतपणे पाहावे आणि मगच खाली उतरावे. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्यांना वरून खाली कोरत जाण्याची ती रीत तत्काळ ओळखीची वाटेल. लालिबेला ज्या अम्हारा प्रदेशात आहे, तेथे अलीकडे सशस्त्र संघर्ष झाला असल्याने तिकीट काढण्यापूर्वी भारतीय दूतावासाच्या ताज्या सूचना अवश्य वाचाव्यात.