हायब्रीड सायकलचे टायर: आधी रुंदी, मग जाडी

‘पंक्चर होणार नाही असा टायर द्या’ म्हटलं की दुकानदार हमखास सगळ्यात जाड, कडक टायर काढतो. पंक्चर कमी होतातही, पण मग प्रत्येक स्पीडब्रेकर मनगटात जाणवतो. शहरात रोज चालणाऱ्या हायब्रीडसाठी (रोड बाइक आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल) आधी रुंदी ठरवावी, मग पंक्चररोधक थर पाहावा. नक्षी शेवटी.

सध्याच्या टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, ‘३२-६२२’ असं काहीतरी उठावात लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर टायर बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिमीमध्ये. व्यासाचा आकडा तंतोतंत जुळायलाच हवा. ७००सी आणि २९ इंची दोन्ही ६२२च, २७.५ इंची ५८४, एमटीबीचा (माउंटन बाइकचा) २६ इंची ५५९. पण ‘२६ × १ ३/८’ लिहिलेला टायर ५९०चा असतो, तो एमटीबीच्या रिमवर सैल पडतो. दुकानात इंच सांगण्याऐवजी हा आकडा सांगा.

रुंदी फ्रेममध्ये मावेल तेवढी घ्या. ३२ वरून ३८ वर गेलात की दोन्ही बाजूंची जागा तीन-तीन मिमीने कमी होते. टायर उंचही होतो, त्यामुळे मडगार्डखालची जागा साधारण सहा मिमीने घटते, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मोजायला ॲलन की (षटकोनी दांड्याची चावी) पुरते. मागचं चाक पेडलच्या ॲक्सलकडे जिथे फ्रेमच्या दोन नळ्यांमध्ये शिरतं, तिथे आत्ता ८ मिमीची की दोन्ही बाजूंनी न घासता गेली, तर ३८चा टायर बसल्यावर ५ मिमी उरतात. त्याहून कमी जागा ठेवू नका. पावसाळ्यात चिखलासोबत खडी अडकते आणि फ्रेमचा रंग खरवडून निघतो. १९ मिमी आतली रुंदी असलेल्या रिमवर ३२ ते ४५ पर्यंतचे टायर नीट बसतात.

थरांचे ढोबळ दोन प्रकार. नायलॉन किंवा अरामिड (केव्हलरसारखा चिवट धागा) कापडाचा पातळ पट्टा काचेचे तुकडे, सराटे अडवतो आणि टायर लवचिक ठेवतो. बाभळीचा लांब काटा मात्र त्यातून आरपार जातो. दुसरा रबराचा जाड थर. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये तो ५ मिमीचा आहे. काटा सहसा ट्यूबपर्यंत पोचत नाही, पण ३८च्या मापात एक टायर सुमारे ९०० ग्रॅमचा भरतो आणि कडकही लागतो. वाटेत पंक्चर काढणं शक्यच नसेल तरच हा घ्या. विणीचा टीपीआय (एका इंचातले धागे) ६०च्या आसपास असला की रोजच्या वापराला पुरे; १२०चा मऊ चालतो, पण त्याची साइडवॉल खड्ड्याच्या धारेवर लवकर फाटते.

नक्षीवर वेळ घालवू नका. सायकलच्या वेगाला टायर पाण्यावर तरंगत नाही, त्यामुळे डांबरावर जवळजवळ गुळगुळीत टायर पावसातही चालतो. गुठळ्यांचा टायर नुसता घरघरतो आणि मध्यभागी झिजतो.

चांगला टायर वाया जातो तो हवेमुळे. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने दोन सेकंदांत हवी त्याहून कितीतरी जास्त हवा भरली जाते, आणि ‘टणक म्हणजे चांगलं’ हा समज काही जात नाही. गेज असलेला फ्लोअर पंप (जमिनीवर उभा ठेवून हाताने मारायचा) घ्या. ७० किलोच्या स्वाराला ३८च्या टायरमध्ये पुढे ४५ आणि मागे ५० ते ५५ पीएसआयपासून सुरुवात करता येते. मागच्या चाकावर वजन जास्त असतं. खड्ड्यात रिम ठणकली तर पाच वाढवा, हात बधिर होत असतील तर पाच कमी करा. साइडवॉलवरच्या किमान-कमाल मर्यादा ओलांडू नका. हवा दर आठवड्याला तपासा.

पंक्चर झालंच तर ट्यूब पाहा. शेजारी-शेजारी दोन भोकं म्हणजे कमी हवेमुळे ट्यूब रिममध्ये चिमटली. एकच बारीक भोक असेल तर टायरच्या आतून कापूस फिरवा. हायवेवर ट्रकच्या फुटलेल्या टायरची केसासारखी तार पडलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, कापसाचा धागा मात्र तिच्यात अडकतो. पकडीने बाहेर काढली नाही तर नवी ट्यूबही तासाभरात बसते.

मागचा टायर आधी झिजून सपाट होतो. तो काढून टाका, पुढचा मागे लावा आणि नवा पुढे बसवा. पुढचा टायर फुटला तर हँडल सावरत नाही. बसवताना साइडवॉलवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण पाहून घ्या.