फौजी पात्र बनवताय? हुद्द्याच्या या चुका टाळा

टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळात नवी कँपेन, म्हणजे अनेक बैठकींत चालणारी गोष्ट, सुरू झाली की टेबलावर एक तरी चोवीस वर्षांचा कर्नल येतोच. आधी सैन्यात, मग हेरखात्यात, मग व्यापारी जहाजावर, अशी भरगच्च बॅकस्टोरीही बरोबर असते. वाचायला झकास. पण ‘तुझ्या हाताखाली कोण होतं आणि तू नोकरी का सोडलीस?’ असं विचारलं की गडी डाइस चाळवत बसतो. हुद्दा हा प्लस टूसारखा पात्राच्या माहितीच्या शीटवर चिकटवायचा बोनस नव्हे. तो मिळवायला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत माणसं जोडली जातात, दुखावली जातात.

वय आणि हुद्दा जुळवून बघा

यासाठी ‘ट्रॅव्हलर’ या रोल-प्लेइंग खेळाचं नियमपुस्तक चाळावं, मग तुम्ही खेळत काहीही असा. १९७७ साली आलेल्या या खेळात पात्र अठराव्या वर्षी भरती होतं आणि चार-चार वर्षांच्या टर्म काढतं. दर टर्मला दोन फासे टाकून आधी जगला की नाही ते बघायचं, मग कमिशन (म्हणजे अधिकारीपद), मग बढती. मूळ नियमांत एकाच टर्ममध्ये कमिशन आणि एक बढती दोन्ही मिळू शकतात. म्हणजे फासे प्रत्येक वेळी मनासारखे पडले तर पहिल्या टर्मअखेर कॅप्टन, दुसऱ्या टर्मला मेजर, तिसऱ्या टर्मला लेफ्टनंट कर्नल आणि चौथ्या टर्मला कर्नल. वय झालं चौतीस. याच वयापासून म्हातारपणाचे फासेही सुरू होतात. चोवीसव्या वर्षी त्याची दुसरी टर्मसुद्धा पुरी झालेली नसते.

आता जगण्याचं गणित बघा. लष्करात टिकायला पाच किंवा जास्त पडावे लागतात. छत्तीसपैकी तीस वेळा ते पडतात, म्हणून सोपं वाटतं. पण कसलाही बोनस नसेल तर सलग चार टर्म जगण्याची शक्यता शंभरात जेमतेम अठ्ठेचाळीस. आणि मूळ नियमांत नापास म्हणजे मेला, नवीन शीट घ्या. हे क्रूर वाटून बरेच जीएम, म्हणजे खेळ चालवणारे गेम मास्टर, तो फासा टाकूच देत नाहीत. मग सगळ्यांचेच कर्नल होतात. मृत्यू नको असेल तर जखम द्या, नोकरी घालवा, पण फासा टाकायला लावाच.

याच नियमांतली एक बारीक ओळ हमखास सुटते. भरतीत नापास होऊन ड्राफ्टमधून, म्हणजे सक्तीच्या भरतीतून, सैन्यात गेलेल्याला पहिल्या टर्ममध्ये कमिशनचा प्रयत्न करता येत नाही. शीट तपासताना मी आधी तेच बघतो.

खातं बदललं, जुना हुद्दा मागे राहिला

मूळ ट्रॅव्हलरमध्ये एकच नोकरी होती. मॉन्गूज या प्रकाशकाच्या नंतरच्या आवृत्तीत नोकऱ्या बदलता येतात, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आधीच्या प्रत्येक करिअरमागे नव्या ठिकाणी पात्रतेच्या फाशाला उणे एक लागतो. पहिल्या नोकरीत बेसिक ट्रेनिंगमधून सेवेतली सगळी कौशल्यं शून्य पातळीवर मिळतात. दुसऱ्या नोकरीत त्यातलं एकच निवडायचं. आणि हुद्दा पुन्हा शून्यापासून. नौदलातला कमांडर व्यापारी जहाजावर गेला म्हणून तिथे आपोआप वरच्या खुर्चीत बसत नाही.

प्लेअर यावर कुरकुरतात. माझ्या मते नियम बरोबर आहे, फक्त तो निव्वळ तोटा म्हणून वाचू नये. जुन्या हुद्द्याचं फळ बाहेर पडतानाच्या लाभांत मिळतं: पहिल्या-दुसऱ्या हुद्द्याला एक जादा फासा, तिसऱ्या-चौथ्याला दोन, पाचव्या-सहाव्याला तीन. रोख रकमेच्या रकान्यावर मात्र सगळ्या करिअर मिळून तीनदाच टाकता येतं, दर करिअरला तीनदा नव्हे. हे चुकलं की दोन नोकऱ्या केलेलं पात्र पहिल्याच सेशनला गब्बर होऊन येतं.

‘वॉरहॅमर फँटसी’ या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत हेच अनुभवगुणांतून होतं. सैनिकाच्या वाटेवर रिक्रूट, सैनिक, सार्जंट आणि अधिकारी अशा चार पायऱ्या आहेत. मधली गाळून वर उडी मारू देऊ नका, एवढं पुरे.

दोन कॅप्टन, दोन खांदे

‘मरे, मी कॅप्टन, हा लेफ्टनंट, म्हणजे हा माझ्या हाताखाली!’ हे वाक्य वास्कोतल्या टेबलावर बोललात तर कोणीतरी हसेल. दाबोळीच्या हंसा तळामुळे तिथे गल्लीत कुणाचा ना कुणाचा शेजारी नौदलात असतो. लष्कराचा कॅप्टन खांद्यावर तीन तारे लावतो. नौदलाच्या कॅप्टनच्या चार पट्ट्या असतात आणि तो लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा. लष्करी कॅप्टनच्या तोडीचा नौदलात लेफ्टनंट. ट्रॅव्हलरच्या तक्त्यांतही हीच तफावत आहे: लष्करात कॅप्टन दुसऱ्या हुद्द्यावर, नौदलात पाचव्या. म्हणून मिश्र पार्टीत, म्हणजे वेगवेगळ्या खात्यांतल्या पात्रांच्या गटात, हुद्द्याचं नाव लिहू नका, आकडा लिहा आणि पुढे खातं लिहा.

शिपायातून वर आलेल्यांचं प्रकरण वेगळंच. भारतीय लष्करात सुभेदाराच्याही खांद्यावर दोन तारे आणि नव्या लेफ्टनंटच्याही दोनच. फरक सुभेदाराच्या लाल-पिवळ्या पट्टीचा. सॅल्यूट सुभेदार करतो, पण पलटण कशी चालते हे त्याला ठाऊक असतं. टेबलावर ही जोडी दोन मेजरांपेक्षा दहापट रंगते, आणि तरीही सुभेदार कुणी घेत नाही!

हुद्दा कुठे चालतो, कुठे नाही

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४ च्या पुस्तकात सोल्जर पार्श्वभूमीला हुद्द्याचं खास वैशिष्ट्य होतं: तुमच्या जुन्या फौजेशी निष्ठा असलेले सैनिक तुमचा अधिकार मानतात. जुन्या फौजेचे. प्लेअर मात्र वेशीवरच्या कोणत्याही पहारेकऱ्याला हुकूम सोडतो. २०२४ च्या पुस्तकात पार्श्वभूमीची ती वैशिष्ट्यंच राहिली नाहीत, त्यामुळे जुनं आणि नवं पुस्तक मिसळून खेळणाऱ्यांनी पहिल्या बैठकीतच ठरवून घ्यावं.

फोंड्याच्या किल्ल्यात मेजर नको

घरची कँपेन असेल तर गोव्यातल्या टेबलांना फोंड्याचा मोह होतोच. १६७५ साली शिवाजी महाराजांनी घेतलेला हा किल्ला, १६८३ साली पोर्तुगीजांनी त्याला घातलेला वेढा आणि संभाजी महाराज येताच घेतलेली माघार, असा तयार मसाला हाताशी आहे. चूक होते ती त्या फौजेवर आजचे हुद्दे चढवल्याने. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी आणि पाच हजाऱ्यांवर पंचहजारी. पायदळाची उतरंड निराळी. आणि किल्ल्यावरचा हवालदार तर किल्ल्याचा प्रमुख अधिकारी, त्याला आजच्या तीन फितींच्या हवालदाराशी जुळवू नका.

करिअर बदलायची सोय यात आयतीच आहे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. दुसऱ्याच सेशनला शिलेदाराचा घोडा तोफगोळ्याने गेला, तर बहुतेक जीएम दया येऊन नवा घोडा देतात. देऊ नका. त्याला बारगीर करा. त्याच तुकडीत, त्याच माणसांसमोर, पागेतल्या घोड्यावर. कालपर्यंत त्याच्या घोड्याचं कौतुक करणारा हवालदार आज त्याला दाणा-वैरणीचा जाब विचारेल. असं करिअर बदललं की तक्त्याची गरजच पडत नाही.

शीट आधीच बिघडलं असेल तर

कँपेन अर्ध्यावर आहे आणि तो चोवीस वर्षांचा कर्नल अजून कर्नलच आहे? हुद्दा काढून घेतलात तर भांडण होईल. वय वाढवणं सोपं, पण म्हातारपणाचे फासे टाकायला प्लेअर तयार हवा. तो नसेल तर हुद्दा हंगामी करा: वरचे सगळे मारले गेले, मोहिमेपुरता त्याला बसवला, कागद अजून आलेला नाही. मेहनतीने शिपायातून वर आणलेल्या वयस्क पात्राला मानद हुद्दा शोभतो. आपल्याकडे निवृत्तीच्या सुमारास जेसीओंना, म्हणजे सुभेदारासारख्या शिपायातून वर आलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना, मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन करतात, तसाच. नावापुढे कॅप्टन लागेल, बाजारात लोक उठून उभे राहतील, पण तुकडी मागायला गेला तर कारकून आधी कागद मागेल.